घट्ट म्हणजे किती : प्रस्तावना

थंडीच्या दिवसांत सकाळी गाडी सुरू केली की इंजिनाच्या एका अंगाने बारीक ‘टक-टक-टक’ असा आवाज येतो. इंजिन तापलं की तो आपोआप थांबतो. मूळचा बिडाचा मॅनिफोल्ड काढून स्टेनलेस स्टीलचा नवा हेडर बसवल्याला महिनाच झालेला असतो. मालक गाडी घेऊन येतो, मेस्त्री बॉनेट उघडतो, गोटीला लांब टॉमी लावतो आणि हेडरचे नट अर्धा-अर्धा फेरा पिळतो. आवाज जातो, पंधरा दिवसांनी परत येतो. तिसऱ्या खेपेला नट फिरतो आणि फिरतच राहतो. स्टड आतल्या आत तुटलेला असतो, नाहीतर अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमधले आटे स्टडला चिकटून बाहेर आलेले असतात. तासाभराचं काम हेड उतरवण्यावर जातं.

हा प्रकार मी इतक्या वेळा पाहिला आहे की या पुस्तकाची सुरुवात त्यानेच करावी असं वाटलं. यात कामचुकार कोणीच नाही. मालकाने चांगला भाग आणलेला असतो, मेस्त्रीचा हात चांगला असतो, आणि प्रत्येक खेपेला तो मनापासून आवळतो. घोटाळा आहे तो ‘घट्ट’ या शब्दात. मराठीत आपण दोन वेगळ्या गोष्टींना घट्ट म्हणतो. पाना फिरवायला जड जातो, तेही घट्ट. दोन भाग एकमेकांवर नीट दाबले गेले, तेही घट्ट. हातात पाना असतो तेव्हा आपल्याला फक्त पहिलं घट्ट कळतं. इंजिनाला लागतं दुसरं.

ट्रकवर माल बांधताना पाहा. दोराची गाठ कितीही पक्की मारली तरी दोर ढिला असेल तर पहिल्याच वळणावर माल सरकतो. म्हणून क्लीनर दोराला लोंबकळून आधी तो ताणतो आणि मग गाठ मारतो. माल धरून ठेवतो तो दोरातला ताण; गाठ फक्त तो ताण सुटू देत नाही. बोल्टचंही तेच आहे. आपण आवळतो तेव्हा बोल्ट रबरासारखा लांब होतो, अगदी थोडा, पण होतो. लांब झालेला बोल्ट मूळ लांबीवर यायला धडपडतो आणि त्या धडपडीने हेड आणि ब्लॉक, किंवा फ्लँज आणि पॅकिंग, एकमेकांवर दाबले जातात. जितकं ताणावं तितकं बळ, हा नियम रॉबर्ट हुकने १६७८ मध्ये छापला. आपण इंजिनात जे जे आवळतो ते त्याच नियमावर उभं आहे. आठ मिलीमीटरचा, करंगळीपेक्षाही बारीक, ८.८ ग्रेडचा साधा बोल्ट नीट आवळला की दीड टनाहून जास्त बळाने दाबून धरतो. (डोक्यावरच्या या आकड्यांचा अर्थ लक्षात ठेवण्यासारखा आहे. पहिल्या आठाला शंभराने गुणलं की पोलादाची ताकद येते, ८०० मेगापास्कल. आणि तिच्या ०.८ पटीला, म्हणजे ६४० ला, बोल्ट कायमचा लांब व्हायला लागतो. १०.९ आणि १२.९ चंही असंच वाचायचं.)

हा ताण मोजायला आपल्याकडे सोपं साधन नाही, ही खरी अडचण आहे. कनेक्टिंग रॉडच्या बोल्टची दोन्ही टोकं हाताला लागतात. तिथे मायक्रोमीटरसारखा गेज लावून बोल्ट किती लांब झाला ते सरळ मोजता येतं आणि रेसिंगची इंजिनं बांधणारे तसं मोजतातही. बाकी बहुतेक बोल्ट एका टोकाला ब्लॉकमध्ये गाडलेले असतात. म्हणून आपण ताण मोजायचा सोडून पिळायला किती बळ लागलं ते मोजतो. यालाच टॉर्क म्हणतात.

आणि टॉर्क बराचसा वाटेतच खर्च होतो. आपण पान्यावर शंभर रुपये लावले असं धरलं, तर त्यातले पन्नासेक बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जातात, चाळीसेक आट्यांच्या घर्षणात, आणि बोल्ट ताणायला उरतात जेमतेम दहा. घर्षण थोडंसं कमी-जास्त झालं की या दहाचे कधी पंधरा होतात, कधी पाच. हिशोबाचं एक उदाहरण देतो. दहा मिलीमीटरचा बोल्ट कोरड्या आट्यांवर ६० न्यूटन-मीटरला आवळला तर साधारण ३० किलोन्यूटन ताण येतो. त्याच बोल्टला कोणी हौसेने तेल लावलं आणि रेंचवर तोच ६० चा आकडा ठेवला, तर ताण ४० किलोन्यूटनच्या घरात जातो. ८.८ ग्रेडच्या त्या बोल्टची सुरक्षित मर्यादा ३४-३५ किलोन्यूटनला संपते. रेंचने इमानदारीने ‘कट्’ केलेलं असतं, आकडा पुस्तकातलाच असतो, आणि बोल्ट मेलेला असतो. उलट गंजलेल्या, कचरा भरलेल्या आट्यांवर तोच आकडा फसवा निघतो. पाना जड लागतो, बळ सगळं गंजात मुरतं आणि जोड ढिलाच राहतो.

हे पुस्तक बाजारातून आणलेले भाग बसवणाऱ्यांसाठी का लिहिलं, त्याचं कारण इथेच आहे. कंपनीच्या मॅन्युअलमधला टॉर्कचा आकडा नुसत्या बोल्टचा नसतो. तो एका अख्ख्या जोडाचा असतो: तोच बोल्ट, तोच लेप, तेच वायसर, तेच पॅकिंग, तेवढ्याच जाडीची फ्लँज, कोरडे किंवा तेलकट जसे सांगितले असतील तसे आटे. यातली एक गोष्ट बदलली तरी तो आकडा जुन्या जोडाचा राहतो. आपण मात्र नवा भाग बसवतो आणि आकडा जुनाच वापरतो, नाहीतर कुठलाच वापरत नाही.

पावडर कोटिंगचंच घ्या. लाल, निळे, दिसायला देखणे ब्रॅकेट आणि पुली बाजारात मिळतात. त्यांच्यावरचा लेप साधारण ६० ते ८० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे मिलीमीटरचा चौदावा-पंधरावा भाग. इतक्याशा लेपाने काय बिघडणार, असं कोणालाही वाटेल. आता बोल्टकडे पाहा. ८.८ चा बोल्ट वीस मिलीमीटर जाडीचा जोड धरत असेल तर नीट आवळल्यावर तो लांब होतो अवघा ०.०४ मिलीमीटर. त्या जोडाला धरून ठेवणारं सगळं बळ या ०.०४ मध्ये साठवलेलं असतं. बोल्टच्या डोक्याखालचा रंग इंजिनाच्या उष्णतेने मऊ होऊन ०.०२ मिलीमीटर जरी दबला, तरी अर्धं बळ गेलं. नट जागचा हललेला नसतो. खडूची खूण केली असेल तर तीही जुळलेली दिसते. तरीही जोड ढिला असतो. म्हणून मी प्रत्येक लेपवाल्या भागावर बोल्टचं डोकं बसतं तेवढी गोल जागा खरवडून धातू उघडा करतो आणि कडेला गंजरोधक लावतो. देखण्या भागावरचा रंग काढताना ज्यांच्या जिवावर येतं त्यांनी हे गणित आठवावं. जाड पॅकिंगचं, एकावर एक घातलेल्या दोन-तीन वायसरांचं, डोक्याखाली राहिलेल्या जुन्या पॅकिंगच्या कपच्यांचंही असंच होतं. जितके थर जास्त, तितक्या बसणाऱ्या जागा जास्त. बोल्ट लांब असेल तर त्याच्यात ताणाची शिल्लक जास्त राहते आणि तो हे दबणं पचवतो; आखूड बोल्ट पचवू शकत नाही.

आता सुरुवातीच्या हेडरकडे परत येऊ. बिडापेक्षा स्टेनलेस स्टील तापल्यावर दीडपटीहून जास्त प्रसरण पावतं. चाळीस सेंटिमीटर लांबीची फ्लँज चारशे अंशांनी तापली तर बिडाची १.७ मिलीमीटरने वाढते, स्टेनलेसची २.७ ने. ती ज्या अ‍ॅल्युमिनियमच्या हेडवर बसली आहे ते पाण्याने थंड राखलेलं असतं आणि पाऊण मिलीमीटरच्या आसपास वाढून थांबतं. म्हणजे दर वेळी इंजिन तापलं की टोकाकडची फ्लँज नटाखालून आडवी सरकायला बघते, आणि निवलं की परत येते. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्ये दाखवून दिलं होतं की बोल्ट ढिला होण्याचं मोठं कारण उभा धक्का नसून हे आडवं सरकणं आहे. जोड आडवा सरकायला लागला की आट्यांमधलं घर्षण जणू नाहीसं होतं आणि नट स्वतःच उलटा फिरू लागतो. त्याने सुचवलेल्या चाचणीत साधं स्प्रिंग वायसरही ते रोखू शकत नाही. आपल्याकडे स्प्रिंग वायसर लावलं की निर्धास्त व्हायची सवय आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

मग हेडर कसा बसवायचा? पिळून तो टिकत नाही हे तर दिसलंच. आधी फ्लँजवर सरळ पट्टी ठेवून खालून फीलर गेज घालून पाहायचं. वेल्डिंगच्या उष्णतेने ती वाकलेली असेल तर पॅकिंग बदलून किंवा नट आवळून उपयोग नाही, ती सपाट करून घ्यायला हवी. टोकाची भोकं स्टडपेक्षा थोडी मोठी किंवा लांबट आहेत ना ते बघायचं, म्हणजे फ्लँजला वाढायला जागा राहते. सगळे नट आधी बोटांनी लावायचे. मग मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला जात, दोन-तीन टप्प्यांत आवळायचं. हेडरच्या पाइपांखाली गोटी जात नाही तिथे कावळ्याच्या पायासारखं तोंड रेंचला लावावं लागतं. हे तोंड रेंचच्या सरळ रेषेत पुढे आलं तर लांबी वाढते आणि टॉर्क जास्त लागतो. ते काटकोनात लावलं तर रेंचवरचा आकडा जवळजवळ जसाच्या तसा चालतो. पहिल्यांदा इंजिन पूर्ण तापवून, मग हात लावता येईल इतकं पूर्ण निवल्यावर, हेडर बनवणाऱ्याने सांगितलेल्या आकड्यावर पुन्हा एकदा तपासायचं. गरम असताना आवळायचं नाही. सकाळची टक-टक अशा बसवणीत येत नाही, आणि आली तर कारण फ्लँजमध्ये शोधायचं.

चमकदार स्टेनलेसच्या बोल्टांबद्दल थोडक्यात. बॉनेट उघडल्यावर छान दिसावं म्हणून पुण्याच्या बोहरी आळीतून किंवा मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरून लोक ते घेऊन येतात. महाग म्हणजे मजबूत, असा समज असतो. पण त्यातला नेहमीचा ए२-७० ग्रेड ४५० मेगापास्कललाच कायमचा ताणला जायला लागतो. काळा-पिवळा साधा ८.८ त्याच्या कितीतरी पुढे आहे. शिवाय स्टेनलेसवर स्टेनलेस फिरताना आटे एकमेकांना चिकटून जाम होतात आणि मग बोल्ट कापावाच लागतो. इंजिनाचं बळ पेलणाऱ्या जागी ते वापरू नका.

हेडचे बोल्ट हा वेगळा विषय आहे आणि पुस्तकात त्याला सर्वांत मोठं प्रकरण दिलं आहे. त्याची एक आठवण इथे लिहितो. मी शिकाऊ असताना एका गॅरेजात हेडचे जुनेच बोल्ट परत घालून आवळत होतो. शेवटच्या फेरीत एका बोल्टवर पाना जड होत होत अचानक मऊ झाला. ओल्या मातीत खुंटी फिरावी तसा. मला वाटलं, आता बसला. मी पुढच्या बोल्टकडे गेलो. गाडी तिसऱ्या दिवशी पाणी उकळत परत आली आणि हेड उघडल्यावर तो बोल्ट मधेच बारीक झालेला, मान काढल्यासारखा निघाला. तो मऊपणा म्हणजे पोलाद कायमचं लांबायला लागल्याची खूण होती. हाताला ती स्पष्ट कळली होती, तिचा अर्थ मला कोणी सांगितलेला नव्हता.

आजच्या बऱ्याच इंजिनांत हेडचे बोल्ट मुद्दाम या हद्दीपर्यंत नेतात. म्हणून मॅन्युअलमध्ये आधी थोडा टॉर्क आणि मग ‘९० अंश, पुन्हा ९० अंश’ असं लिहिलेलं असतं. कोन मोजण्यामागे अक्कल आहे: दीड मिलीमीटर अंतराचे आटे पाव फेरा फिरले की ०.३७५ मिलीमीटर पुढे जाणारच, घर्षण असो वा नसो. शंभर मिलीमीटर लांबीचा १०.९ चा बोल्ट ०.४४ मिलीमीटरच्या आसपास लांब झाला की हद्दीला पोचतो. त्यावरून ते अंश किती तोलून-मापून ठरवलेले असतात ते कळेल. असा बोल्ट एकदा ताणला की त्याचं काम झालं. कंपनी एकदाच वापरा म्हणते तेव्हा ती सामान खपवत नाही. त्याजागी बाजारातले जास्त ताकदीचे स्टड घालणार असाल तर मॅन्युअलचे अंश विसरायचे आणि स्टड बनवणाऱ्याचा आकडा, त्यानेच दिलेल्या वंगणासह वापरायचा. एआरपीसारखे उत्पादक आकडा देतात तो त्यांच्या वंगणासाठीच असतो. आणि ब्लॉकमधली बंद तोंडाची भोकं वाऱ्याने साफ करून कोरडी केल्याशिवाय बोल्ट घालू नका. तळाशी तेल किंवा पाणी साचलं असेल तर खाली उतरणारा बोल्ट पिचकारीच्या दट्ट्यासारखा ते दाबतो आणि द्रवाला जायला वाट नसल्याने ब्लॉकच तडकतो.

आकडा कुठल्या मापात आहे ते दोनदा वाचण्याची सवय लावून घ्या. आपल्या जुन्या मेस्त्र्यांच्या तोंडी ‘किलो’ असतो, म्हणजे किलोग्रॅम-मीटर. एक किलो म्हणजे ९.८ न्यूटन-मीटर. अमेरिकेतून आलेल्या किटच्या कागदावर फूट-पाउंड असतात, आणि एक फूट-पाउंड म्हणजे १.३६ न्यूटन-मीटर. त्याच कागदावर दोन ओळी खाली इंच-पाउंड असू शकतात, ते फूट-पाउंडाच्या बाराव्या हिश्श्याचे. टॅपेट कव्हरच्या सहा मिलीमीटरच्या बोल्टला लागतात नऊ-दहा न्यूटन-मीटर. ते कोणी नऊ किलो समजला तर बोल्ट निम्म्या वाटेतही टिकणार नाही.

टॉर्क रेंचचा जन्म साधारण १९१८ चा मानतात आणि त्याचं श्रेय न्यूयॉर्क शहराच्या पाणी खात्यातल्या कॉनराड बारला देतात. फ्लँजचे बोल्ट कमी-जास्त आवळले जाऊ नयेत, ही त्याची गरज होती. आपली गरज शंभर वर्षांनंतरही तीच आहे. चांगला क्लिकचा रेंच चार टक्क्यांच्या फरकात खरा असतो, पण तो वर्षातून एकदा किंवा पाच हजार वेळा वापरल्यावर तपासून घ्यावा लागतो. काम झालं की स्प्रिंग सर्वांत खालच्या आकड्यावर सोडून ठेवायची. त्याने बोल्ट सोडवायचे नाहीत. दांड्याला मुठीच्या जागीच धरून सावकाश ओढायचं, आणि ‘कट्’ एकदाच ऐकायचं. खात्रीसाठी दुसऱ्यांदा ऐकणारा दर वेळी थोडं जास्त आवळत असतो. एवढं करूनही घर्षणामुळे ताण पाव हिश्श्याने वर-खाली होतो. म्हणूनच आटे साफ करण्यात घालवलेली दहा मिनिटं मला महागड्या रेंचइतकीच मोलाची वाटतात.

यावर जुने मेस्त्री म्हणतात, आमचा हातच टॉर्क रेंच आहे. मी त्यांच्याच हाताखाली शिकलो आणि त्यांचा मान राखूनच उत्तर देतो. तो हात ठरावीक लांबीच्या पान्यावर तयार झालेला आहे. दहा नंबरचा रिंग पाना आखूड असतो, एकोणीसचा लांब. पाने बनवणाऱ्यांनी लहान बोल्ट तुटू नयेत म्हणून लांबीतच लगाम ठेवला आहे. पण त्याच हातात साठ सेंटिमीटरची टॉमी आली की सहा मिलीमीटरच्या बोल्टला लागणारं बळ उरतं पावणेदोन किलोची पिशवी उचलण्याएवढं. इतकं कमी बळ कुठलाच हात तोलू शकत नाही. हवेच्या गनने तर हाताला काही कळायचा प्रश्नच राहत नाही. गन सोडवण्यासाठी वापरा. आवळायला हात आणि रेंच.

कायद्याचंही एक वाक्य. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तो बदल करता येत नाही, सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितलं आहे. सीएनजी किटसुद्धा मान्यताप्राप्त असावं लागतं आणि आरसीवर त्याची नोंद व्हावी लागते. भाग विकत घेण्याआधी आरटीओत विचारा.

शब्द मी गॅरेजातलेच ठेवले आहेत: आटे, वायसर, गोटी, टॉमी, पॅकिंग. ज्याच्या हातात पाना आहे त्याला वाचताना अडखळायला लागू नये.

पहिल्या प्रकरणात मी वाचकाला दोन बोल्ट मुद्दाम वाया घालवायला सांगितलं आहे, आणि ते प्रकरण वाचण्याआधी हे करावं अशी विनंती आहे. आठ मिलीमीटरचे ८.८ चे दोन बोल्ट, दोन नट, चाळीस मिलीमीटर लांब जाड पोलादी नळीचा तुकडा आणि व्हाइस एवढंच लागतं. डोळ्यांवर चष्मा घाला. बोल्टची लांबी मोजून लिहा. नळीतून बोल्ट घाला, नट लावा, डोकं व्हाइसमध्ये धरा आणि दहा न्यूटन-मीटरपासून पाच-पाचने चढत जा. दर वेळी नट किती फिरला त्याची खडूने खूण करा. सुरुवातीला खुणा सारख्या अंतरावर पडतील. मग एक वेळ अशी येईल की नट बराच फिरेल आणि तरी रेंच ‘कट्’ करणार नाही. पाना मऊ लागेल. तिथे थांबा, तो मऊपणा दोन-तीनदा हाताला नीट ओळखू द्या, रेंचवर कितीला तो आला ते लिहा. मग नट सोडून बोल्ट पुन्हा मोजा. तो लांब झालेला असेल आणि नट त्याच्या आट्यांवर पूर्वीसारखा बोटाने फिरणार नाही. आता दुसऱ्या बोल्टच्या आट्यांना आणि नटाखाली इंजिन ऑइलचा थेंब लावून तेच करा. मऊपणा या वेळी खालच्या आकड्याला येईल. दोन्ही आकडे वहीत शेजारी-शेजारी लिहून ठेवा, घर्षणाच्या प्रकरणात त्यांच्यावरच हिशोब केला आहे.